निनावी माणसासाठी केलेला कायदा, नावानिशी सापडलेली माणसं: कलम ६६अ चा इतिहास

आजच्या लेखात एकच प्रश्न घेऊ. इंटरनेटवर तोंड लपवून त्रास देणाऱ्यांना चाप बसावा म्हणून कायदा हवा, असं गेली वीसेक वर्षं सगळीकडे म्हटलं जातंय. भारतानं असा कायदा केलाही: माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६अ. पण या कलमाखालच्या गाजलेल्या अटका पाहिल्या तर एक गोष्ट खटकते. पकडली गेलेली माणसं बहुतेक स्वतःच्या नावानं, स्वतःच्या फोटोसह लिहिणारी होती. निनावी नव्हतीच. मग जाळं एकासाठी विणलं आणि सापडला दुसराच, असं का झालं?

‘राजकारण्यांनी गैरवापर केला’ हे तयार उत्तर आहे. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. गैरवापर करता यावा अशी जागा कायद्याच्या भाषेतच कशी तयार झाली, हे पाहायचं तर थोडं मागे जावं लागतं.

निनावीपणाचे दोन चेहरे

निनावी लिहिणं म्हणजे भ्याडपणा, असं आपण पटकन म्हणून जातो. पण मराठी माणसाच्या सार्वजनिक लेखनाची सुरुवात पाहा. १८४१ मध्ये ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये इंग्रजी राज्यावर झणझणीत टीका करणारी पत्रं छापून आली. खाली सही होती ‘एक हिंदू’. ती लिहिणारे होते भास्कर पांडुरंग तर्खडकर. १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये शतपत्रं येऊ लागली, ती ‘लोकहितवादी’ या नावानं. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते. खऱ्या नावानं लिहिलं असतं तर एकीकडे साहेबाचा आणि दुसरीकडे जातभाईंचा राग ओढवून घ्यावा लागला असता. टोपणनावाच्या आडोशामुळे जे बोलणं शक्य झालं ते आपण आज अभ्यासक्रमात वाचतो.

दुसरा चेहरा निनावी पत्राचा. घरात लग्न ठरलं की मुलीबद्दल वाटेल ते लिहून पाठवणारी, किंवा जिवे मारण्याची धमकी देणारी पत्रं इंटरनेटच्या कितीतरी आधीपासून आहेत. १८६० च्या भारतीय दंड संहितेनं याची दखल घेतली होती. कलम ५०७ काय म्हणायचं ते नीट पाहा: कोणी निनावी संदेशानं, किंवा आपलं नाव-गाव लपवण्याची खबरदारी घेऊन, धाकदपटशा केला, तर मूळ शिक्षेखेरीज आणखी दोन वर्षांपर्यंत कैद.

यातली रचना महत्त्वाची आहे. आधी गुन्हा घडायला हवा, म्हणजे खरी धमकी हवी. निनावीपणा हा स्वतः गुन्हा नाही. तो झालेल्या गुन्ह्याचं गांभीर्य वाढवतो. लोकहितवादी आणि धमकीचं पत्र यांत कायदा गोंधळत नाही, कारण लोकहितवादींच्या पत्रात धमकीच नाही.

छापील मजकुराबाबत वेगळी व्यवस्था होती. १८६७ च्या मुद्रणालय आणि पुस्तक नोंदणी कायद्यानं प्रत्येक पुस्तकावर आणि वर्तमानपत्रावर मुद्रकाचं नाव व छपाईचं ठिकाण देणं बंधनकारक केलं. प्रकाशित मजकूर असेल तर प्रकाशकाचंही. म्हणजे लेखक निनावी राहू शकत होता, पण जबाबदार धरायला कुणीतरी नाव-पत्त्यासह हजर असायचं. इंटरनेटनं ही मधली खुर्ची रिकामी केली. मजकूर साठवणारी कंपनी स्वतःला संपादक मानत नाही, आणि कायद्याचं कलम ७९ तिला अटींसह संरक्षणही देतं. मग राज्यसंस्था थेट लिहिणाऱ्याला शोधू लागते. पुढचा सगळा इतिहास या बदलातून निघतो.

टेलिफोनची भाषा इंटरनेटला

कलम ६६अ चे शब्द कुठून आले? संशोधनाची सवय म्हणून कुठल्याही कायद्याला हा प्रश्न विचारावा. इथे उत्तर सर्वोच्च न्यायालयानंच आपल्या निकालात दिलं आहे: मूळ ब्रिटनच्या १९३५ च्या पोस्ट ऑफिस दुरुस्ती कायद्यात. टेलिफोनवरून अतिशय आक्षेपार्ह, अश्लील, असभ्य किंवा धमकीवजा संदेश पाठवणं हा त्यानं गुन्हा ठरवला. तिथून तीच शब्दावली पुढच्या कायद्यांत सरकत २००३ च्या कम्युनिकेशन्स ॲक्टच्या कलम १२७ पर्यंत आली. आपल्याकडेही १८९८ च्या टपाल कायद्यात, पाकिटाच्या वरच्या बाजूला अतिशय आक्षेपार्ह मजकूर लिहिण्यास मनाई होतीच.

टेलिफोनच्या जमान्यात ही भाषा फारशी टोचली नाही. फोन एक माणूस दुसऱ्या एकाला करतो. घेणाऱ्याला त्रास द्यायचा हेतू आहे की नाही हे ठरवणं तुलनेनं सोपं असतं. रात्री दोन वाजता वीस वेळा फोन करणारा काय करतोय, हे सांगायला वकील लागत नाही. पण फेसबुकवरची पोस्ट कुणा एकाला पाठवलेली नसते. ती चौकात उभं राहून बोलल्यासारखी असते. चौकातलं बोलणं कुणाला ना कुणाला त्रासदायक वाटणारच. एका माणसाला येणाऱ्या फोनसाठी घडवलेले शब्द चौकातल्या भाषणाला लावले गेले.

कलम ६६अ चे तीन भाग होते. पहिला: अतिशय आक्षेपार्ह किंवा धमकीवजा माहिती पाठवणं. दुसरा: खोटी आहे हे माहीत असलेली माहिती त्रास, गैरसोय, धोका, अडथळा, अपमान, इजा, धाक, वैर, द्वेष किंवा दुर्भावना निर्माण करण्यासाठी वारंवार पाठवणं. तिसरा: त्रास देण्यासाठी, किंवा संदेश कुठून आला याबद्दल घेणाऱ्याची दिशाभूल करण्यासाठी ईमेल पाठवणं. निनावी छळाचा उल्लेख खऱ्या अर्थानं आला तो या तिसऱ्या भागात. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. ब्रिटनच्या कलम १२७ मध्ये कमाल शिक्षा सहा महिन्यांची. म्हणजे शब्द उसने आणले आणि शिक्षा सहापट केली.

आता हे कलम ५०७ शेजारी ठेवून बघा. जुन्या कायद्यात गाभ्याला धमकी होती. नव्यात ‘त्रास’ आणि ‘गैरसोय’ पुरेशी झाली. जुना कायदा विचारायचा, ‘या माणसानं काय केलं?’ नवा विचारू लागला, ‘वाचणाऱ्याला काय वाटलं?’

२००८: घाईचा कायदा, पण कुठली घाई?

दुरुस्ती विधेयक लोकसभेत २२ डिसेंबर २००८ रोजी आणि राज्यसभेत त्याच्या दुसऱ्या दिवशी मंजूर झालं, गदारोळात आणि जवळजवळ चर्चेविना. ते २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झालं. मुंबईवरचा २६ नोव्हेंबरचा हल्ला नुकताच झालेला असल्यामुळे, ‘६६अ हे त्या हल्ल्याचं अपत्य’ असं अनेक ठिकाणी लिहिलेलं सापडतं. इथे तारखा तपासायला हव्यात. हे विधेयक संसदेत मांडलं गेलं होतं डिसेंबर २००६ मध्ये. त्याच्या उद्देशांच्या निवेदनात ओळखचोरी, फिशिंग, चोरून केलेलं चित्रीकरण आणि आक्षेपार्ह संदेश यांचा उल्लेख आहे. हल्ल्यानं कायदा जन्माला घातला नाही. हल्ल्यानंतरच्या वातावरणात तो प्रश्न न विचारता पुढे सरकला, एवढंच म्हणता येतं. ‘हल्ल्यामुळे’ आणि ‘हल्ल्यानंतर’ या दोन शब्दांतला फरक ज्याला जपता येतो त्याचा प्रबंध अर्धा सुरक्षित असतो.

गरज खोटी होती असंही नाही. बायकांच्या नावानं खोटी खाती उघडून त्यांचे फोन नंबर जाहीर करणं हा प्रकार तेव्हाही होता. चेन्नईत २००४ मध्ये अशाच एका प्रकरणात आरोपीला शिक्षा झाली. एका घटस्फोटित महिलेच्या नावानं त्यानं ऑनलाइन गटावर अश्लील मजकूर टाकला होता. ही शिक्षा झाली ती कलम ६६अ नसताना: दंड संहितेची ४६९ व ५०९ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७, या कलमांखाली. म्हणजे निनावी छळ करणारा सापडला, दोषी ठरला, आणि त्यासाठी ‘गैरसोय’ हा शब्द लागला नाही.

२०१२: जाळ्यात कोण आलं?

एप्रिल २०१२ मध्ये कोलकात्यात जादवपूर विद्यापीठातले एक प्राध्यापक मुख्यमंत्र्यांवरचं व्यंगचित्र ईमेलनं पुढे पाठवल्याबद्दल अटकेत गेले. सप्टेंबरमध्ये मुंबईत व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना अटक झाली. त्यांच्यावर राजद्रोहाबरोबर ६६अ ही होतं. ऑक्टोबरमध्ये पुदुच्चेरीतल्या एका उद्योजकाला केंद्रीय मंत्र्यांच्या मुलाबद्दलच्या ट्वीटवरून अटक झाली.

मग नोव्हेंबर. १७ तारखेला बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं. मुंबई आणि आजूबाजूचा भाग बंद होता. तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरमधल्या एका तरुणीनं या बंदबद्दल प्रश्न विचारणारी पोस्ट फेसबुकवर लिहिली. तिच्या मैत्रिणीनं ती लाइक केली. दोघींनाही अटक झाली. एकीच्या नातेवाईक डॉक्टरांच्या दवाखान्याची तोडफोड झाली. दोघींना जामीन मिळाला, पुढे दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि खटलाही बंद करण्यात आला. पण ‘लाइक करणं हाही गुन्हा?’ हा प्रश्न देशभर गेला. दिल्लीच्या श्रेया सिंघल या विद्यार्थिनीनं त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली.

या चारही प्रकरणांत पोलिसांना आरोपी शोधावा लागला नाही. प्रत्येकाचं नाव माहीत होतं.

असं का झालं?

मला यामागे तीन कारणं दिसतात.

पहिलं, श्रमाचं गणित. खरंच निनावी असलेल्या माणसाला शोधायचं तर आयपी ॲड्रेस मिळवा, परदेशी कंपनीला पत्र लिहा, उत्तराची वाट बघा, मग इंटरनेट पुरवठादाराकडून नोंदी मागवा. तोवर नोंदी पुसल्या गेलेल्या असतात. स्वतःच्या नावानं लिहिणाऱ्याच्या घरी त्याच संध्याकाळी जीप जाते. दोघांनाही एकच कलम लागू असेल, तर कुणाची फाइल आधी हलेल हे सांगायला नको.

दुसरं, प्रक्रिया. बदनामी हा आपल्याकडे फौजदारी गुन्हा आहेच, पण त्यात ज्याची बदनामी झाली त्यानं स्वतः दंडाधिकाऱ्यापुढे तक्रार करावी लागते. पोलीस परस्पर अटक करू शकत नाहीत. ६६अ मात्र दखलपात्र. वॉरंटशिवाय अटक शक्य. त्यामुळे जे प्रकरण एरवी बदनामीच्या लांब रस्त्यानं गेलं असतं ते पोलीस ठाण्याच्या जवळच्या वाटेनं गेलं. तक्रारदारही ज्याच्याविषयी लिहिलं तो असण्याची गरज राहिली नाही. त्याचा कार्यकर्ता पुरला.

तिसरं, मोजमाप. त्रास किती झाला हे कोण ठरवणार? ज्याच्यामागे जमाव आहे त्याचा त्रास पोलिसांना लगेच दिसतो. एकट्या मुलीला रोज रात्री येणाऱ्या घाणेरड्या मेसेजचा त्रास तिच्या फोनमध्येच राहतो. वाचणाऱ्याच्या भावनेवर उभा राहिलेला कायदा शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याच्या भावनेवर उभा राहतो.

इथे एक सावधगिरी. वर दिलेली प्रकरणं गाजलेली आहेत, आणि ती गाजली तीच मुळी राजकीय असल्यामुळे. जिल्ह्याच्या पोलीस ठाण्यात एखाद्या मुलीनं छळाची तक्रार केली आणि तिला ६६अ लावलं, तर ती बातमी होत नाही. म्हणून ‘हे कलम फक्त टीकाकारांविरुद्ध वापरलं गेलं’ असं विधान करू नका. त्यासाठी एफआयआर वाचावे लागतील. एवढं मात्र ठामपणे म्हणता येतं की कलमाची भाषा या दोन प्रकारांत फरक करत नव्हती.

न्यायालय काय म्हणालं, काय नाही

९ जानेवारी २०१३ रोजी केंद्रानं सूचना काढली: ६६अ खाली अटक करण्याआधी महानगरांत पोलीस महानिरीक्षक आणि जिल्ह्यात उपायुक्त वा अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी घ्या. पण शब्द तेच राहिले.

२४ मार्च २०१५ रोजी न्यायमूर्ती जस्ती चेलमेश्वर आणि रोहिंटन नरिमन यांच्या खंडपीठानं कलम ६६अ संपूर्ण रद्द केलं. हा निकाल नन्नाचा पाढा नाही, म्हणून तो मुळातून वाचा. इंटरनेटवर मजकूर क्षणात आणि सर्वदूर पसरतो, म्हणून त्यासाठी वेगळे गुन्हे निर्माण करता येतील, हे न्यायालयानं मान्य केलं. अडचण वेगळी होती. चर्चा, समर्थन आणि चिथावणी या तीन पायऱ्या आहेत. पहिल्या दोन कितीही नकोशा वाटल्या तरी राज्यघटनेच्या कलम १९(२) खाली रोखता येतात त्या चिथावणीपाशी. ६६अ नं तिन्ही एकाच टोपलीत टाकल्या.

अस्पष्टतेबद्दलचा युक्तिवाद फार मार्मिक आहे. ब्रिटनमध्ये एका माणसानं आपल्या खासदाराच्या कार्यालयात फोन करून वंशद्वेषी शब्द वापरले होते. खालच्या दोन न्यायालयांनी ते ‘अतिशय आक्षेपार्ह’ नाही म्हटलं. २००६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं ते आहे म्हटलं. न्यायालयाचा मुद्दा असा: शिकलेसवरलेले न्यायाधीश एकाच वस्तुस्थितीवर उलटसुलट निष्कर्ष काढत असतील, तर पोलीस ठाण्यातल्या शिपायानं आणि लिहिणाऱ्या सामान्य माणसानं काय करायचं? शब्दाचा अर्थ कळत नसला की माणूस सुरक्षित राहण्यासाठी हक्काचं बोलणंही गिळतो. याला न्यायशास्त्रात ‘चिलिंग इफेक्ट’ म्हणतात. तो मोजायला कठीण, कारण न लिहिलेल्या पोस्टची नोंद कुठेच नसते.

‘६६अ गेलं म्हणजे महिलांना संरक्षण उरलं नाही’ असा आक्षेप तेव्हाही होता आणि तो गांभीर्यानं घ्यायला हवा. पण तोवर २०१३ च्या फौजदारी कायदा दुरुस्तीनं दंड संहितेत ३५४ड आलं होतं. तिथली भाषा बघा: स्त्रीनं स्पष्ट नकार दिल्यावरही वारंवार संपर्क साधणं, तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं. ही कृत्यं आहेत, वाचणाऱ्याच्या भावना नाहीत. मुख्यमंत्र्यांचं व्यंगचित्र या भाषेत बसवता येत नाही. छळाविरुद्ध कायदा करायचा आणि बोलणंही वाचवायचं, हे जमतं.

कोरियाचा उलटा रस्ता

दक्षिण कोरियानं मजकुराऐवजी निनावीपणालाच हात घातला. २००७ पासून मोठ्या वेबसाइटवर लिहिण्याआधी ओळख पटवणं सक्तीचं झालं. पुढे रोज एक लाखाहून जास्त लोक येणाऱ्या साइटना ते लागू झालं. परिणाम काय? २००९ मध्ये यूट्यूबनं ओळख तपासण्याऐवजी कोरियासाठीची अपलोडची सोयच बंद केली. २०११ मध्ये नेट आणि सायवर्ल्ड या सेवांमधून सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. २३ ऑगस्ट २०१२ रोजी तिथल्या घटना न्यायालयानं हा नियम एकमतानं रद्द केला: बेकायदा मजकूर लक्षणीय कमी झाल्याचं दिसत नाही, लोक परदेशी साइटवर गेले, आणि गप्प बसण्याचं ओझं मात्र सगळ्यांवर पडलं.

दोन देश, दोन वाटा. एकानं गुन्ह्याची व्याख्या सैल केली, दुसऱ्यानं प्रत्येक लिहिणाऱ्याकडे ओळखपत्र मागितलं. दोन्हीकडे मूळ त्रास देणारा निसटला.

मेलेलं कलम चालतंय

२०१५ नंतर गोष्ट संपायला हवी होती. २०१८ मध्ये अभिनव सेखरी आणि अपार गुप्ता यांनी दाखवून दिलं की रद्द झालेलं ६६अ पोलीस ठाण्यांत आणि न्यायालयांत चालूच आहे. पीयूसीएल पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेली. मार्च २०२१ मध्ये ११ राज्यांच्या जिल्हा न्यायालयांत ७४५ प्रकरणं प्रलंबित असल्याचं न्यायालयापुढे आलं. या राज्यांत महाराष्ट्रही होता. जुलै २०२१ मध्ये न्यायालयानं धक्का व्यक्त केला, गृह मंत्रालयानं राज्यांना पत्र पाठवलं, आणि १२ ऑक्टोबर २०२२ रोजी न्यायालयानं या कलमाखाली कुणावरही खटला चालवता येणार नाही असा आदेश दिला. निकाल दिल्लीत लागतो. कायद्याचं जुनं पुस्तक आणि गुन्हा नोंदवण्याचा ठरलेला साचा ठाण्यातच असतो.

आणि भाषाही परत येते. श्रेया सिंघल निकालात केरळच्या पोलीस कायद्यातलं ११८(ड) हेही रद्द झालं होतं. नोव्हेंबर २०२० मध्ये केरळनं वटहुकमानं ११८अ आणलं. कारण दिलं महिलांच्या ऑनलाइन छळाचं. शब्द मात्र पुन्हा सैल. गदारोळ झाला आणि काही दिवसांतच ते मागे घ्यावं लागलं. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी तर दुसरी, कोरियाच्या जवळची वाट धरली: ५० लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या संदेशसेवांनी आदेश आल्यास संदेशाचा पहिला पाठवणारा ओळखून द्यावा. त्याविरुद्ध व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं.

तुम्ही या विषयावर काम करणार असाल तर

फक्त निकाल वाचून थांबू नका. कायद्याचा इतिहास चार ठिकाणी लिहिलेला असतो: शब्द कुठून आले, संसदेत काय झालं, पोलिसांनी कुणाला लावलं, आणि रद्द झाल्यावर काय उरलं. पहिल्या दोन गोष्टी ग्रंथालयात आणि संसदेच्या संकेतस्थळावर मिळतात. तिसऱ्या आणि चौथ्यासाठी जिल्हा न्यायालयांच्या नोंदी आणि माहिती अधिकाराचे अर्ज लागतील.

मराठीत करण्यासारखं एक काम मला दिसतं. महाराष्ट्रातला एखादाच जिल्हा घ्या आणि २००९ ते २०१५ या काळातली ६६अ ची प्रकरणं काढा. तक्रारदार कोण, आरोपी निनावी होता की ओळखीचा, सोबत कुठली कलमं लावली, शेवट काय झाला, असे चार रकाने करा. गाजलेल्या प्रकरणांवरून मी वर जे म्हटलं ते त्या जिल्ह्यात टिकतं की नाही ते कळेल. नाही टिकलं, तर तोच तुमच्या प्रबंधाचा विषय.